पंचनाम्याच्या वेळी घरात कोण होतं?

आज पदवी घेणाऱ्या मुला-मुलींनो,

तुमच्यातले कुणी अभियंते झालेत, कुणी डॉक्टर, कुणी समाजकार्याचे पदवीधर. पूर, दरड, भूकंप यांच्याशी तुमची कधी ना कधी गाठ पडणारच. त्या दिवसासाठी एकच आग्रह धरतो. मदतकार्यात बायकांना काय द्यायचं हे ठरवण्याआधी, ठरवणाऱ्यांत बायका आहेत का ते बघा.

याला लोक पटकन उत्तर देतात, ‘आधी जीव वाचवू, समानतेचं मग पाहू.’ एप्रिल १९९१ मधलं बांगलादेशचं चक्रीवादळ आठवा. वीस ते चव्वेचाळीस वयोगटात हजार बायकांमागे ७१ दगावल्या, हजार पुरुषांमागे १५. धोक्याची सूचना पुरुषांकडून पुरुषांपर्यंत पोचत होती. लेकरं कडेवर घेऊन घरात थांबलेल्या बाईला नवऱ्याला न विचारता निघता येत नव्हतं, आणि निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत राहायचं कसं, हाही प्रश्न होताच. पुढे तिथे निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळी जागा झाली, सूचना देणाऱ्या स्वयंसेवकांत बायका आल्या. म्हणजे जीव वाचवायचे तरी ही समानता लागतेच.

आता आपल्याकडचं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसं दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांखाली गाडली गेली. काही गावं नव्या जागी वसवली, पण त्याहून कितीतरी अधिक गावांत उभ्या असलेल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. पैसे हप्त्यांनी मिळणार, काम घरमालकाने करून घ्यायचं. हे गावोगाव समजावायचं कुणी? प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं.

या भिंती बाहेरून भक्कम दिसत. पण आतला आणि बाहेरचा थर वेगळा, मध्ये नुसती भर. धक्का बसला की दोन्ही थर फाकायचे. म्हणून भिंतीत आरपार जाणारे बंध घालायचे, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. माळवद कुठे गळतं, कोणती भिंत फुगली आहे, हे घर सारवणाऱ्या बाईला आधीच माहीत असतं. त्या माहितीला तंत्राची जोड मिळाली आणि या बायका गवंड्याला, अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या. कच्छमधल्या २००१ च्या भूकंपानंतर याच भागातल्या बायका तिथल्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या. मदत घेणारीने मदतीचं काम शिकवायला जावं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

ठरवणाऱ्यांत बायका नसल्या की काय सुटतं? छावणीतल्या संडासाचंच बघा. मदतकार्याचे आंतरराष्ट्रीय ‘स्फिअर’ निकष सांगतात की बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट संडास हवेत, कडी आतून लागली पाहिजे, वाटेवर उजेड हवा. हे झालं नाही की बायका संध्याकाळपासून पाणी पिणं सोडतात. मग लघवीची जळजळ, ताप सुरू होतो, आणि डॉक्टर पुरुष असला तर त्या सांगतही नाहीत. सॅनिटरी पॅड आले, पण ते भर रांगेत पुरुष स्वयंसेवक वाटतोय, तर किती जणी घेतील?

आणि कागद. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा सांगतो की रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख. पण पूर ओसरल्यावर पंचनाम्यासाठी दारात आलेला माणूस विचारतो, ‘मालक कुठायत?’ मालक वारलेले असतात किंवा पुण्या-मुंबईला कामावर असतात. घर तीच चालवत असते. शेळ्या, कोंबड्या, शिलाई मशीन, बचतगटाचं कर्ज, पुरात गेलेल्या पापडाच्या पिठाचे डबे, यांतलं काहीच मालकाच्या तोंडून निघत नाही. मग ते पंचनाम्यातही येत नाही आणि भरपाईतही नाही.

तुमच्यातल्या कुणाच्या हाती उद्या असा कागद आला, तर त्यात एक रकाना स्वतः आखून घ्या: माहिती कुणी सांगितली? घरातली बाई टँकरवर पाणी भरायला गेली असेल, तर ती येईपर्यंत ओट्यावर बसा. पंचनाम्याला अर्धा तास उशीर झाला तर वरिष्ठांना कारण सांगा, आणि तेही कागदावर लिहून ठेवा.