मताचं वजन दिल्लीत, ओझं गावात
(शिळफाटा येथे झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषण)



महापालिकेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कोष्टक येतं. कोणत्या पक्षाला किती जागा. त्याखाली लगेच चर्चा सुरू होते, अमक्या पुढाऱ्याचं दिल्लीत वजन वाढलं, तमक्याचं घटलं. आज आपल्याला या वजनाचा हिशेब करायचा आहे. कारण ते वजन ज्या मतांनी भरतं, ती मतं आपली आहेत.

बैठक शिळफाट्याला घेतली ती मुद्दाम. या फाट्याच्या भोवती ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई, अशा तीन महापालिका आहेत. कल्याण रस्त्यावरची २७ गावं घ्या. १९८३ साली ती महापालिकेत घातली. २००२ साली बाहेर काढली. २०१५ च्या जूनमध्ये पुन्हा आत घेतली. २०२० साली त्यातली १८ गावं वगळली आणि त्याच वर्षी हायकोर्टानं तो निर्णय रद्द केला. पनवेलच्या बाजूची १४ गावं २००७ साली नवी मुंबईतून बाहेर पडली आणि पुढं पुन्हा तिथंच गेली. बैलाचा खुंटाही कोणी इतक्या वेळा बदलत नाही! भाताचं खाचर आहे तिथंच आहे, धनी मात्र बदलत राहिला.

आता निकाल पाहा. २०१५ साली शिवसेना आणि भाजप राज्यात आणि केंद्रात एकत्र सत्तेवर होते आणि कल्याण-डोंबिवलीत एकमेकांविरुद्ध उभे होते. त्या वेळचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शहरासाठी ६,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. २७ गावं म्हणत होती, आम्हाला वेगळी नगरपालिका द्या. निकाल लागला, १२२ जागांच्या सभागृहात सेनेला ५२, भाजपला ४२. चर्चा झाली ती मोठा भाऊ कोण याची. गावांच्या मागणीचं काय झालं, हे कोष्टकात कुठंच नव्हतं.

नोव्हेंबर २०२० मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. शिंदे यांच्या शिवसेनेला ५३, भाजपला ५०. कितीतरी जागांवर मतदानाआधीच उमेदवार बिनविरोध निवडून आले. म्हणजे पाच वर्षं वाट पाहिली आणि तिथल्या मतदाराला बोटाला शाई लावायचीही गरज उरली नाही. त्या वेळी कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे लोकसभेत त्यांच्या पक्षाचे गटनेते होते आणि डोंबिवलीचे आमदार रवींद्र चव्हाण भाजपचे प्रदेशाध्यक्ष. ५३ आणि ५० हे आकडे दिल्लीत का मोजले जातात, ते यावरून समजा.

मग स्थानिक निकालानं वरचे पुढारी कधी वाकतच नाहीत का? वाकतात. १९५६ साली दिल्लीनं मुंबईचं द्विभाषिक राज्य आपल्या माथी मारलं. १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रानं काँग्रेसला धूळ चारली. त्याच वर्षी मुंबई महापालिका संयुक्त महाराष्ट्र समितीकडे गेली, आचार्य दोंदे महापौर झाले. पुढच्या वर्षी कॉम्रेड मिरजकर महापौर झाले. काँग्रेसचं राज्यातलं सरकार पडलं नव्हतं. तरीही पक्षाच्या वरिष्ठांना फेरविचार करावा लागला. १९५९ साली इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष असताना तो झाला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र मिळाला.

१९५७ आणि २०१५ यांत फरक कशाचा? समितीत समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता. त्यांचं आपसात पटत होतं अशातला भाग नाही. पण प्रत्येक मतावर एकच मागणी लिहिलेली होती. निकाल वाचणाऱ्याला दुसरा अर्थ काढायला जागाच नव्हती.

आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसं. मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवताना तपासायचं काय ते लिहून द्यावं लागतं. नुसतं वजन विचारलं तर वजनच कळतं. नत्र, स्फुरद, पालाश किती आणि जमीन खारी आहे का, ते विचारल्याशिवाय कोण सांगणार? आपण कोरं मत देतो, म्हणून वर त्याचं फक्त वजन होतं.

आणि वजनाची भीती वाटली की काटाच उचलून ठेवतात! महाराष्ट्रात १९७९ नंतर जिल्हा परिषदांची निवडणूक झाली ती एकदम १९९२ साली. मधल्या काळात, नोव्हेंबर १९८६ मध्ये, चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन भरलं. जिल्हा परिषदा बायकांनी लढवायच्या असं तिथं ठरलं. बायका तयार होत्या, निवडणूकच नव्हती. म्हणून १९९३ च्या घटनादुरुस्त्यांनी मुदत संपण्याआधी निवडणूक घेण्याचं बंधन घातलं. ते असूनही या भागानं पाच वर्षं प्रशासक पाहिला. सभागृह नसलं की कर थांबत नाही, रस्त्यासाठी जमीन घेणं थांबत नाही. थांबतो तो फक्त प्रश्न विचारणारा माणूस.

तेव्हा या बैठकीपुढं तीन गोष्टी ठेवतो.

पहिली. मतदानाआधी गावकीची बैठक घ्या. बायकांसह घ्या. जास्तीत जास्त तीन मागण्या लिहून काढा आणि प्रत्येक उमेदवाराची त्यावर सही घ्या. मालमत्ता कर किती, पाणी कधी, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला कोणत्या दरानं, असं नेमकं लिहा. ‘गावाचा विकास’ असं लिहू नका. त्यावर कोणीही सही करील.

दुसरी. बिनविरोध होऊ देऊ नका. बिनविरोध म्हणजे गावाची एकी, असं आपल्याला शिकवलं गेलं. पण सौदा गावाबाहेर ठरला असेल तर ती एकी कसली? तिथं आपला एक उमेदवार उभा करा. तो पडला तरी चालेल, मागणी मतपेटीत पोचली पाहिजे.

तिसरी. निकालानंतर सहा महिन्यांनी सहीचा तोच कागद घेऊन त्याच गावकीत निवडून आलेल्याला बोलवा. काय झालं आणि काय राहिलं ते त्याच कागदावर लिहा. त्याची एक प्रत त्याच्या पक्षाच्या प्रदेशाध्यक्षाला आणि एक दिल्लीच्या कार्यालयाला स्पीड पोस्टानं पाठवा. पोचपावती जपून ठेवा.

पुढाऱ्याचं वजन वाढावं की घटावं, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. ते वजन कशामुळं वाढलं आणि कशामुळं घटलं, हे मात्र आपल्या अक्षरात लिहिलेलं असलं पाहिजे. एवढं केलं तर पुढच्या निकालाचं कोष्टक दिल्लीला नीट वाचावं लागेल.