गाडी बनवावी की बनलेली घ्यावी?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोललो तसेच ठेवले आहे, थोडी साफसफाई तेवढी केली.)



सचिवसाहेबांनी सांगितले, "सर, त्या लाल गाडीबद्दल पंधरा मिनिटे बोला, म्हणजे लोक एकदाचे विचारायचे थांबतील." लोक काय विचारतात ते तुम्हाला माहीतच आहे. पहिला प्रश्न, ॲव्हरेज किती देते. दुसरा, छप्पर कुठे आहे. तिसरा, लग्नात भाड्याने देता का. आणि चौथा प्रश्न, जो तोंडावर कोणी विचारत नाही पण जिन्यात मला ऐकू येतो, तो असा : हा माणूस पस्तीस वर्षे पोरांना मोटार मेकॅनिक शिकवत होता, स्वतः गाडी बनवीन म्हणत होता, आणि शेवटी विकत घेऊन आला. काहून?

पहिल्या तिघांची उत्तरे लवकर देतो. ॲव्हरेज मी मोजत नाही. छप्पर म्हणजे एक कापड आहे, ते लावण्यापेक्षा पावसात घरी बसणे सोपे. भाड्याने देत नाही. लग्नाच्या वरातीत ज्या जुन्या दिसणाऱ्या गाड्या फिरतात त्या जीपच्या किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर फायबरचे कवच चढवून केलेल्या असतात, त्या कामासाठी त्याच बऱ्या. चौथ्या प्रश्नाला वेळ लागेल.

आधी ही गाडी आहे काय ते सांगतो. हिला सगळे 'व्हिंटेज' म्हणतात. ती व्हिंटेज नाही. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. त्यात गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी पाहिजे, मूळ रूपात पाहिजे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. शिवाय रोजच्या वापराला ती चालवता येत नाही. माझी गाडी या शतकातली आहे. फक्त रूप जुने आहे.

ते रूप आले इंग्लंडमधून. १९५७ साली लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी 'सेव्हन' नावाची गाडी काढली. नळ्यांचा सांगाडा, त्यावर पत्रा, दोन माणसे, लांब नाक, बाहेर निघालेली चाके, आणि नको ते सगळे काढून टाकलेले. वजन पाचशे किलोच्या आसपास. आपल्या ॲम्बॅसेडरच्या निम्म्याहून कमी. यात एक गंमत होती. त्या काळी तिथे तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, पण सुट्या भागांची पेटी घेऊन घरी जोडली तर तो लागत नव्हता. म्हणून माणसे पेटी मागवायची आणि सुटीच्या दिवशी घरी गाडी जोडायची. १९७३ मध्ये करपद्धत बदलली आणि ती सवलत गेली. त्याच वर्षी लोटसने या गाडीचे हक्क केटरहॅम या कंपनीला दिले, आणि ती गाडी तिथे अजून निघते.

म्हणजे बघा, तिकडे बनवणे स्वस्त होते म्हणून लोक बनवत होते. आपण इकडे वाचतो आणि वाटते की हौशी माणूस म्हटला की त्याने बनवलीच पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रात याच घडणीची गाडी बनवली ती अलिबागजवळ कार्लेखिंडीला, चिंकारा मोटर्सने. फायबरची बॉडी आणि इंजिन १८०० सीसीचे इसुझू, जे आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये यायचे तेच. पार्किंगमध्ये उभी आहे ती हीच, चिंकारा रोडस्टर. मी कारखान्यातून नवी नाही घेतली. पुण्याच्या एका गृहस्थांची वापरलेली घेतली.

आता बनवण्याची गोष्ट.

देवरी रोडला माझ्या मित्राचे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या खिडक्यांच्या ग्रिल त्याच्या हातच्या आहेत. त्याचे नाव इथे घेत नाही, त्याला आवडणार नाही. शिकलेला सातवी, पण वेल्डिंग असे की मी आयटीआयच्या पोरांना बघायला घेऊन जायचो. आम्ही दोघांनी ठरवले की आपली गाडी करू. नागपूरच्या भंगारातून स्टँडर्ड हेरॉल्डचा सांगाडा आणला. हेरॉल्ड का, तर तिला बॉडीपासून वेगळा सांगाडा असतो. बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी खालचे चालत राहते. पद्मिनीला तसे नाही, तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. पण इंजिन मात्र पद्मिनीचे घेतले, १०८९ सीसी, कारण त्याचा प्रत्येक बोल्ट मला डोळे झाकून माहीत. दुकानाच्या फरशीवर खडूने पूर्ण मापाचे चित्र काढले. त्यावरून चालायचे नाही, असा गिऱ्हाईकांना हुकूम होता.

सांगाडा झाला. इंजिन बसले. पुढे अडले बॉडीपाशी. फायबरची बॉडी म्हणजे सरळ फायबर लावत सुटायचे, असे नसते. आधी लाकूड-प्लास्टरची हुबेहूब गाडी घडवायची. तिच्यावरून साचा घ्यायचा. मग साच्यातून बॉडी काढायची. तीन वेळा तीच मेहनत. शंभर गाड्या काढायच्या असतील तर साचा परवडतो. आम्हाला काढायची होती एक. एका मोदकासाठी साचा घडवायचा, तोही कोरीव. तरी आम्ही नाद सोडला नव्हता, कारण घाई नव्हती. धानाच्या हंगामात त्याच्याकडे ट्रॉल्या आणि मळणीयंत्रांच्या दुरुस्तीची रांग, परीक्षेच्या दिवसांत मला वेळ नाही. वर्षातले दोन-तीन महिने काम, बाकी चहा.

दुसरी अडचण कायद्याची, आणि ती खरी मोठी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळी होईल अशी गाडीत फेरफार करता येत नाही. हेरॉल्डच्या कागदांवर आमची गाडी चालणार नाही, हे तिथेच ठरले. आणि 'नवीन गाडी' म्हणून नोंदवायची तर तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून पास करून घ्यावा लागतो. ब्रेक, दिवे, धूर, सगळे. कंपन्यांना जे करावे लागते तेच देवरी रोडच्या दुकानाला. म्हणजे गाडी बनली असती, पण ती दुकानाच्या आवारात. सालेकशाच्या रस्त्याला लावली की दंड.

यावर कोणी म्हणेल, बनवणाऱ्यांनी कायद्याकडे बघितले असते तर काहीच बनले नसते. मान्य आहे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतः बनवली. लोक नॅनोचे कौतुक करतात. हा माणूस त्याच्या साठ वर्षे आधी सामान्य माणसाच्या गाडीमागे लागला होता. सत्तरच्या दशकापर्यंत त्यांनी एकामागून एक नमुने केले. कारखान्यातून ती गाडी कधी निघाली नाही. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण त्यांना देशासाठी गाडी करायची होती. आम्हाला दोघांना बसायला पाहिजे होती. या दोन गोष्टींना एकच फूटपट्टी लावू नये.

मला जवळचे वाटते ते दुसरे उदाहरण. सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून मुलासाठी छोटी जीप केली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या शेवटी तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केले, आणि हेही सांगितले की ही नियमात बसत नाही, रस्त्यावर चालू देणार नाहीत. ती आम्हाला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. ती बातमी मी मित्राला मोठ्याने वाचून दाखवली. तो म्हणाला, "बोलेरो चांगली. पन त्या जीपमधी पोरगा बसला होता ना, झालं."

तेव्हा तो खाटेवर होता. त्याच्या आदल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. चालतो आता, काठीने, बोलतो स्पष्ट, पण तो हात टॉर्च धरणार नाही. मी एकटा करतो म्हटले तर माझ्या हिशेबाने चार वर्षे, आणि वेल्डिंग दुसऱ्याचे. चार वर्षांनी तो कसा असेल, हे डॉक्टर सांगत नव्हते आणि मी विचारत नव्हतो.

म्हणून मी बनलेली शोधायला लागलो. त्याला न सांगता.

घरी बोलणे झाले, ते इथे सगळे सांगत नाही. एवढेच सांगतो की आमच्या सौ.ने विचारले, "बनवायला लागला असता तो पैसा आणि हा पैसा, फरक किती?" मी कागद मांडला. साचा, बॉडी, रंग, वायरिंग, सीट, टायर. फरक होता, पण तिला वाटला त्याहून कमी. तिने कागद घडी करून पोथीत ठेवला. म्हणजे मंजूर. अधूनमधून अजून काढून दाखवते.

ज्यांना कधी अशी हाताने बनलेली गाडी घ्यायची असेल (आपल्या सोसायटीत दोन जण आहेत, मला माहीत आहे), त्यांच्यासाठी दोन गोष्टी. रंगावर भुलू नका. आधी आरसी बुक घेऊन खाली वाका. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी जुळला नाही तर चहाही न पिता परत या. मग सांगाड्याच्या वेल्डिंगवरून बोट फिरवा. फायबरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर तिथे आतून काय धडकले ते विचारा. वायरिंग उघडून बघा. हौशी माणसाचे खरे रूप वायरिंगमध्ये दिसते. आणि मुख्य म्हणजे बसून बघा. या गाड्यांना दार नसते, पाय टाकून आत उतरावे लागते, नालीत उतरल्यासारखे. माझे गुडघे बसले. ज्यांचे पोट आहे त्यांनी स्टीअरिंग कुठे लागते ते तिथेच ठरवावे. कागदाचे म्हणाल तर फॉर्म २९, ३० आणि मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र, पुढचे काम गोंदियात.

ट्रकमध्ये चढवून गाडी पुण्याहून आणली, नऊशेच्या आसपास किलोमीटर. आमगावात उतरली त्या दिवशी फाटकाजवळ जत्रा भरली. मित्र आला नाही.

पंधरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग मीच गेलो. तो म्हणाला, "तू बनवीन म्हनला होता. मी हात गेल्यावरही काही म्हनलो का, की राहू दे म्हनून? मी सांगितलं असतं, तू केलं असतं. माझं तोंड तं शाबूत आहे ना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण तो म्हणाला ते खरे होते. पण चार वर्षेही खरी होती. मी म्हटले, "गाडी सुरू होताना खोकते. चल, ऐक." तो उठला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा मुलगा त्याला स्कूटरवर घेऊन पार्किंगमध्ये आला.

त्याने काठी टेकून ऐकले. म्हणाला, "तिसरा मारत नाही." बॉनेट काढले तर तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगची वायर टोपीच्या आत कुरतडलेली होती. नंतर त्याने सांगाडा बघितला, खाली बसता येत नाही म्हणून आरसा मागवून बघितला. एका ब्रॅकेटच्या वेल्डिंगला नाव ठेवले. बाकी काही बोलला नाही, म्हणजे पास.

इथे आपल्या जुन्या सभासदांना एक आठवण द्यायची आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या पहिल्या बैठकीत, प्लॉट घेऊन प्रत्येकाने आपापले बांधावे की ठेकेदाराकडून बांधलेले घ्यावे, यावर रात्री बारापर्यंत भांडण झाले होते. काहींनी घराचे नकाशे काढून आणले होते. नकाशे कुठे आहेत माहीत नाही. पण बांधलेल्या घरात आल्यावर प्रत्येकाने भिंत तरी फोडली किंवा ओटा तरी वाढवला. माझ्या गाडीचेही तेच. घेतली तेव्हा तयार होती. तेव्हापासून रेडिएटरचा पंखा बदलला, मागच्या दिव्यांची तार नवी ओढली, सीटखाली लाकडी ठोकळा बसवला. ॲम्बॅसेडरचे इंजिन असल्याने सामान कोलकात्याच्या बाजारात मिळते, आणि आपले गाव हावडा लाइनवर आहे, ही सोय. मूळ रचनेला हात लावत नाही, कायदा सांगितलाच आहे.

रविवारी सकाळी आम्ही दोघे सालेकशाकडे जातो. तो डावीकडे बसतो. त्याला आत उतरवायला दोन माणसे लागतात, त्यातला एक माणूस म्हणजे आपले वॉचमन काका, त्यांचे आभार. वाटेत तो गिअर कधी टाकायचा ते सांगतो, मी पस्तीस वर्षे शिकवलेले असूनसुद्धा. हेरॉल्डचा सांगाडा अजून त्याच्या दुकानात उभा आहे. त्याचा मुलगा भंगारात द्या म्हणतो, कारण जागा अडते. तो देऊ देत नाही. मीही मुलाची बाजू घेत नाही. इंजिन मात्र मी आयटीआयला देतो म्हटले आहे, पोरांना उघडून बघायला. त्यावर तो अजून हो म्हणाला नाही.

शेवटचे, कमिटीसाठी. येत्या वार्षिक सभेत पार्किंगच्या शेडचा विषय आहे. फायबरला मे महिन्याचे ऊन चालत नाही आणि सीटला जुलैचा पाऊस. उत्तरेकडची पहिली जागा मला मिळाली तर शेडच्या अँगलचे माप काढून द्यायला माझा मित्र तयार आहे. तो सांगेल, वेल्डिंग त्याचा मुलगा करेल. अर्ज मी सचिवांकडे दिला आहे.