बोंबलाचे ७६ गुण

(सोसायटीच्या उन्हाळी शब्दखेळाच्या संध्याकाळी केलेलं भाषण)



सुट्टीत आपल्या जिन्यावर मुलांची एक पैज ऐकू येते : सर्वांत लांब इंग्रजी शब्द कोणाला येतो? बहुतेक वेळा जिंकतो तो ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’. अक्षरं २९! पाठ सगळ्यांना, अर्थ मात्र विचारला की शांतता. तर ऐका. लॅटिनमधले चार छोटे शब्द त्यात एकापुढे एक जोडलेत : लोकरीचा पुंजका, फुटकळ वस्तू, काहीच नाही आणि केस. एखादी गोष्ट अगदी कवडीमोल ठरवणं, हा त्याचा अर्थ. आपण म्हणतो, ‘कस्पटासमान लेखणं’. लांब शब्द असा रेल्वेच्या डब्यांसारखा सुटा केला की घोकावा लागत नाही.

पण हा शब्द स्क्रॅबलमध्ये कामाचा नाही. पट १५ बाय १५ घरांचा, मग २९ अक्षरं मावणार कुठे? आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाचं १९३०च्या दशकातल्या मंदीत काम गेलं. तेव्हा त्याने हा खेळ रचला. वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून कोणतं किती वेळा येतं ते पाहिलं आणि त्यावरून गुण ठरवले. हातात सात सोंगट्या असतात. सातही एका दमात लावल्या तर ५० गुण जास्तीचे.

आता गंमत बघा. इंग्रजी शब्दकोशात ‘बमलो’ नावाचा मासा आहे. स्पेलिंग बी-यू-एम-एम-ए-एल-ओ. बरोबर सात अक्षरं. हा बमलो म्हणजे आपल्या किनाऱ्यावर बांबूंवर टांगून वाळवतात तो बोंबील! अक्षरांचे गुण १३. खेळातला पहिलाच शब्द असेल तर दुप्पट, म्हणजे २६. वर ५० बक्षीस. एका बोंबलाचे ७६!

‘मंगूस’ म्हणजे आपलं मुंगूसच. कोश त्याचं मूळ मराठीत दाखवतात. ‘गॅलिव्हॅट’ ही कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली वल्ह्यांची गलबतं. अलिबागला कुलाबा किल्ल्यात जाताना मुलांना हा शब्द जरूर सांगा. आणि ‘चॉल’? ती आपली चाळ. पाच अक्षरांना १३ गुण. ‘बंगलो’ला इंग्रजीत आठ अक्षरं लागतात, पण गुण फक्त १४. मुंबईच्या चाळीतून इथे राहायला आलेल्यांनी टाळ्या वाजवायला हरकत नाही!

यातले बरेच शब्द यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात आहेत. साहेबाने ते कोळ्यांकडून, खलाशांकडून, बाजारातून उचलले. ज्यांनी दिले, त्यातल्या अनेकांना ए-बी-सी-डी येत नव्हती.

हे आज सांगतोय, त्याला कारण आहे. पट उघडला की आपल्या कितीतरी आजी-आजोबा खुर्ची मागे सरकवतात. ‘आम्हाला इंग्रजी येत नाही, तुम्ही खेळा,’ म्हणतात. नातवंडंही मग आग्रह करत नाहीत. एकाच हॉलमध्ये दोघं दोन टोकांना. २९ अक्षरी शब्दाचा अर्थ मघाशी सांगितला ना? तो आपण न बोलता घरातच वापरतो आहोत.

म्हणून एक नियम सुचवतो. दर शनिवारी एका मुलाने आणि एका ज्येष्ठाने जोडीने खेळायचं. शब्द आजीने सुचवायचा, मासा, भांडं, झाड, काहीही. तो इंग्रजीत गेलाय का, हे नातवाने कोशात शोधायचं. सापडला तर पटावर लावा. नाही सापडला, तरी एक मराठी शब्द नातवाच्या वहीत गेलाच की!

कमिटीने एक जाडजूड शब्दकोश क्लब हाऊसमध्ये ठेवावा, एवढी विनंती करतो आणि थांबतो.