अडखळणारी पेटी

टीव्हीला जोडायचा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वीज खातो जेमतेम एका दिव्याइतकी. पण जालन्यात पारा ४२ वर गेला की तो अडखळतो. शेराची दुसरी ओळच अडकली, तर दाद द्यायची कशाला? चिप ८० अंशांवर पोचली की आपणच वेग कमी करते. म्हणून आधी पेटी टीव्हीमागच्या कोनाड्यातून काढा, लहानसा पंखा लावा. वेग ताणायच्या सेटिंगचा मोह नकोच. वीज एकाएकी गेली तर मेमरी कार्ड बिघडू शकतं. अब्बांच्या आवाजातल्या गझला मी वेगळ्या डिस्कवरही ठेवल्यात. मोबाइलचा जुना चार्जर वापरू नका. २०१९ च्या चौथ्या मॉडेलला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. पडद्यावर पिवळी वीज चमकली, तर पुरवठा अपुरा समजा.