रोपासाठी जागेची निवड
(प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



कन्हैयालाल मुनशी ह्यांनी १९५० साली देशात वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून दर पावसाळ्यात शाळांच्या आवारात मोठ्या उत्साहाने रोपे लावली जातात. परंतु पुढील वैशाखात अनेक ठिकाणी त्याच जागी वाळलेली काडी उभी असलेली दिसते. ह्यात रोपाचा दोष नसतो, आणि खड्डा खणणाऱ्या मुलांचा तर मुळीच नसतो. पुष्कळदा रोप आधी येते आणि जागा मागाहून शोधली जाते, हेच ह्या अपयशाचे मूळ होय.

मावळात ही चूक अधिक महाग पडते. लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस वडगाव, तळेगावाकडे येईपर्यंत तो झपाट्याने उतरतो. म्हणजे एकाच तालुक्यात दोन प्रकारचे हवामान नांदते. तळेगावाकडे जोमाने वाढणारा कडुनिंब घाटमाथ्यावरच्या सततच्या ओलीत रमत नाही. घाटमाथ्यावरचे पिसा आणि हिरडा उघड्या, कोरड्या माळावर सहज तग धरीत नाहीत. आंबा आणि जांभूळ मात्र दोहींकडे येतात. म्हणून शेजारच्या गावाने काय लावले ह्यापेक्षा आपल्या गावच्या देवराईत काय उभे आहे, हे आधी पाहावे. मुलांना तेथे न्यावे. ओढ्याकाठी कोणते झाड आहे, उतारावर कोणते, सावलीत कोणते, ह्याची नोंद त्यांच्याकडून करवून घ्यावी. तेथील रोपे मात्र उपटू नयेत.

जागा दोनदा पाहावी : एकदा भर पावसात आणि एकदा भर उन्हाळ्यात. आषाढात जेथे पाणी साचून राहते, तेथे कोवळ्या मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. शंका असल्यास हातभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच राहिले, तर ती जागा हिरड्याची नव्हे. तेथे जांभूळ किंवा करंज लावावा. मातीची खोली पहारीने तपासावी. पहार वीतभर जाऊन कातळावर वाजली, तर थोडे बाजूस सरकावे. मुरमात शिरली, तर खड्डा मोठा घेऊन त्यात चांगली माती व कुजलेले शेणखत भरावे.

ही दक्षता का घ्यावयाची? अनेक वनवृक्ष लहानपणीच सोटमूळ खोल नेतात. हेच मूळ पुढे उन्हाळ्यात झाडास जगविते. परंतु त्यामुळेच मोठे झालेले रोप दुसरीकडे हलविता येत नाही. एकदा निवडलेली जागा ही जन्माची जागा ठरते. जांभळासारख्या झाडाचे तर बी थेट जागेवरच पेरणे बरे. ज्येष्ठात मुले जांभळे खातात, त्याच ताज्या बिया पेराव्यात. त्या साठवून ठेवल्यास उगवणशक्ती लवकर जाते.

त्यानंतर वाढलेल्या झाडाचा विचार करावा. आज वीतभर असलेले रोप उद्या छप्पर, विजेच्या तारा आणि खेळाचे मैदान ह्यांच्याशी स्पर्धा करील. वड, पिंपळ, उंबर हे भिंतीजवळ किंवा विहिरीच्या कडेस लावू नयेत. पश्चिमेस झाड असल्यास दुपारच्या उन्हात शाळेस सावली मिळते. परंतु पावसाळी वारा त्याच दिशेने येत असल्याने घाटमाथ्यावर ते इमारतीपासून पुरेसे दूर असावे. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असते, म्हणून अशा वाऱ्याच्या तोंडी तो नको.

शेवटची कसोटी सर्वांत कठीण आहे. मावळात पाऊस चार महिने पडतो आणि उरलेले आठ महिने जमीन कोरडी होत जाते. त्यातच मे महिन्यात शाळा बंद असते. हात धुण्याच्या जागेचे सांडपाणी ज्या रोपास मिळत असते, तेही सुट्टीत तहानलेले राहते. गुरे मोकळी फिरतात. डोंगरउतारावर वणव्याचे भय असते. म्हणून जवळच्या एखाद्या घराच्या नजरेत राहील आणि तेथून घागरभर पाणी सहज पोचेल, अशी जागा पसंत करावी. काटेरी कुंपण रोप लावण्याच्या दिवशीच घालावे. डोंगराजवळच्या शाळांनी रोपाभोवतीचे गवत दिवाळीनंतर कापून टाकावे.

ह्या सर्व कसोट्यांना उतरणाऱ्या जागा शाळेजवळ थोड्याच निघतील. तितकीच रोपे लावावीत. मृगाचा पाऊस होऊन जमीन चांगली भिजली, की आर्द्रात लागवड करावी आणि प्रत्येक रोपासमोर सुट्टीत पाणी घालणाऱ्याचे नाव वहीत लिहून ठेवावे. पन्नास रोपे लावून एकही न जगले, तर झाड लावणे हा एका दिवसाचा समारंभ आहे, असाच धडा मुले घेतात. तीन रोपे लावून तिन्ही जगली, तर चौथीत शाळा सोडून जाणारे मूल आपल्याहून उंच झालेले झाड मागे ठेवून जाते. तो धडा कोणत्याही पुस्तकातून देता येणार नाही.