गंगेच्या काठी गळ घेऊन



या व्याख्यानमालेत वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषय होऊन गेले आहेत. आजचा विषय वाचून मात्र काहींच्या भुवया चढल्या असतील, हे मी जाणून आहे. नाशिकसारखे क्षेत्र, शेजारी गंगेचा घाट, आणि हा गृहस्थ सांगणार काय, तर मासा कुठे गळाला लागतो ते! मास्तरकी संपली की माणसाला काहीतरी खूळ लागतेच, असेही कोणी शेजाऱ्याच्या कानात म्हणाले असेल. त्याचे म्हणणे मला मान्य आहे. फक्त हे खूळ निवृत्तीनंतरचे नाही. वयाच्या अकराव्या वर्षी ते मला लागले आणि आजतागायत सुटलेले नाही.

प्रथम क्षेत्राचा प्रश्न मिटवून टाकतो. रामकुंडाच्या आसपास, जिथे लोक स्नान करतात, अस्थी विसर्जित करतात, तिथे मी कधी गळ टाकला नाही आणि कोणी टाकू नये. काही पाणी असे असते की जिथे मासा निर्भय असावा. हा आपला जुना संकेत आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे आहे. दोन्ही ठिकाणी देवाच्या नावाने राखलेल्या डोहांत मोठमोठे मासे माणसाच्या हातचे खायला वर येतात. कायद्याच्या पुस्तकात मत्स्यसंरक्षण हा शब्द येण्यापूर्वीच आपल्या गावकऱ्यांनी ते करून दाखवले होते.

पण गळाचा छंदही आपल्याला परका नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा ग्रंथ रचला. ज्या ग्रंथात मराठी पद्याचे जुने नमुने सापडतात म्हणून आपण त्याचे नाव घेतो, तोच हा ग्रंथ. राजाच्या करमणुकींत त्याने ‘मत्स्यविनोद’ असे एक प्रकरणच घातले आहे. मासे कोणते, त्यांना कोणते खाद्य घालावे, काठी आणि दोरी कशी असावी, याचे त्यात रीतसर विवेचन आहे. इंग्लंडात आयझाक वॉल्टनचे गळावरचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ साली निघाले. आपला राजा त्याच्याआधी पाच शतके हा विषय मांडून मोकळा झाला होता.

आता माझ्या पद्धतीविषयी दोन शब्द. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून, मोरपिसाचा देठ पाण्यावर तरंगत ठेवून बसणे, ही आपली नेहमीची रीत. दुसरी रीत कृत्रिम माशीची. बारीक गळाला पिसे आणि दोरा गुंडाळून माशीचा आकार द्यायचा आणि ती माशी पाण्यावर अशी अलगद उतरवायची की माशाला ती खरीच वाटावी. माशीने मासा फसवण्याची ही कला फार जुनी आहे. मॅसिडोनियातले लोक तांबडी लोकर आणि पिसे गळाला बांधून मासे धरतात, असे इलिअन नावाच्या रोमन लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. यात गळाला वजन जवळजवळ नसतेच. वजन दोरीला असते, आणि काठी ती दोरी चाबकासारखी मागेपुढे खेळवते. म्हणून मागे झाड असले की पहिल्या दिवशी मासा मिळत नाही, बाभळीचा काटा मिळतो.

आता मुख्य प्रश्न. जागा कशी शोधावी?

मला हे शिकवले ते एका वृद्ध भोयाने. मी बाभळीखाली तासभर बसलो होतो आणि काठी हललीही नव्हती. म्हातारा जाळे खांद्यावर टाकून चालला होता. तो थांबला आणि म्हणाला, “पोरा, तू मासा बघायला बसलास व्हय? मासा दिसत नसतो. पाणी बघ. पाणी सांगंल त्यो कुठं हाय ते.” पुढे मी बरीच पुस्तके वाचली. त्यांत याहून मोठे वाक्य मला आढळले नाही.

पाणी सांगते म्हणजे काय सांगते? मासा नेहमी प्रवाहाकडे तोंड करून असतो, कारण खाद्य वरून वाहत येते. पण भर धारेत उभे राहायचे तर त्याला सारखे पोहावे लागते. तेव्हा तो धारेच्या कडेला, संथ पाण्याच्या शिवेवर राहतो. समोरून ताट वाढून येते आणि बसायला पाट आयता असतो. कातळाच्या मागे, खळाळ जिथे डोहात उतरतो त्या तोंडाशी, काठ आतून पोखरलेला असेल तिथे, आणि उंबर-करंजाची फांदी पाण्यावर झुकली असेल तिच्या सावलीत, या चार जागा प्रथम पाहाव्यात. उंबराखाली तर विशेष. फळ टपकन पडते आणि किडेही पडतात. सकाळी ऊन चढण्यापूर्वी आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी जावे. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. खालच्या अंगाने वर चालत यावे, म्हणजे आपण माशाच्या पाठीमागे राहतो. दिवाळीनंतर पाणी निवळते. थंडीचे दिवस या छंदाला उत्तम.

पहिल्या पावसात मात्र काठी खुंटीला टांगून ठेवावी. त्या दिवसांत मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढतात. चढणीचा मासा धरायला सोपा असतो, आणि म्हणूनच तो धरू नये. एका मादीच्या पोटात पुढच्या कितीतरी वर्षांचे मासे असतात.

आता आपल्या गंगेवर चालू या. गंगापूर धरणापासून आरंभ करू. धरणाच्या पाण्यात मासेमारीचे हक्क ठरलेले असतात. तिथे विचारल्याशिवाय काठी काढू नये. धरणाखाली नदी काळ्या कातळावरून उतरत सोमेश्वराकडे येते. रांजणखळगे, लहान धबधबे, त्यांखालचे डोह, सारे काही आहे. वर सांगितलेल्या चारही जागा इथे एका सकाळी पाहून होतात. कातळ शेवाळाने निसरडा असतो, आणि धरणातून आवर्तन सुटले की पाणी चढते. तेव्हा सुटण्याची वेळ विचारूनच पात्रात उतरावे. पावसाळ्यात तर उतरूच नये. दुतोंड्या मारुतीला पाणी लागले की काय होते, ते नाशिककराला मी सांगायला नको.

या पट्ट्यात चांदीच्या पातीसारखे छोटे अळकूट वरच्या पाण्यात माशीवर झेप घेतात. तळाशी दगडाला चिकटून मुल्या असतो. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा शास्त्रीय नावांत त्याने इथले मराठी शब्दच वापरले: मुल्या, कोलुस, खुद्री. म्हणजे आपल्या भोयांची भाषा जगाच्या प्राणिशास्त्रात जाऊन बसली आहे. खुद्री म्हणजे दख्खनचा महासीर, गळाच्या छंदातला राजा. लोणावळ्याला त्याची कृत्रिम पैदास करून पिले ठिकठिकाणच्या पाण्यात सोडण्याचे काम टाटांच्या वीज कंपनीने कित्येक वर्षे केले आहे.

सोमेश्वराखाली आनंदवल्ली, मग घाट. इथे मी काठी गुंडाळून नमस्कार करतो आणि चालू लागतो. पण चालता चालता तळाकडे माझे लक्ष जाते. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत या कुंडांच्या तळाला काँक्रीट घातले गेले. ते काढून टाकावे, जिवंत झरे मोकळे करावेत, म्हणून पुढे अनेक वर्षे झगडा चालला. त्यातले कायदे मला कळत नाहीत. गळवाला म्हणून एवढे कळते की जिथे वाळू, गोटे आणि कपार नाही, तिथे किड्याला घर नाही. आणि किडा नाही तिथे मासा उपरा आहे.

पुढे तपोवन, कपिला संगम, टाकळीजवळ नासर्डी मिळते ती जागा, मग दसक-पंचक. भोयाच्या हिशेबाने पाहिले तर इथेही धार आहे, डोह आहे, सावली आहे. जागा सर्व आहेत. मग मी काय करतो, ते सांगतो. आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

मी दगड उलटून पाहतो. माशीने मासा धरायचा तर मासा कोणता किडा खातो हे आधी कळले पाहिजे, आणि तो किडा दगडाखाली असतो. सोमेश्वराच्या वर, खळाळातला मूठभर गोटा मी उचलतो. खालच्या अंगाला चपटे, चपळ, सहा पायांचे किडे पळताना दिसतात. शेपटीला केसांसारखे तीन तंतू असतात. पुढे यांनाच पंख फुटतात आणि संध्याकाळी ते पाण्यावर नाचतात. आमची कृत्रिम माशी ही त्यांची नक्कल. या किड्यांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू भरपूर लागतो. टाकळीच्या खाली तसाच गोटा उचलला, तर हाताला काळा गाळ लागतो, घाण येते, आणि गाळात रक्तासारख्या लाल अळ्या वळवळतात. शहराच्या सांडपाण्यात टिकतात त्या याच. तिथे गळ टाकला तर चिलापी लागतो. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली आपल्या देशात आणला गेला. थोड्या प्राणवायूवर तो तग धरतो आणि पिले तोंडात सांभाळून वाढवतो. दोष त्याचा नाही. आपण जे घर इतरांना राहण्यास अयोग्य केले, त्यात तो राहिला. त्याखाली पाणवेलींचे हिरवे रान पसरलेले दिसते. पाहुणे म्हणतात, काय सुंदर!

माझ्या अकराव्या वर्षी त्या भोयाने मला पाणी बघायला शिकवले, ते तपोवनाच्या खालीच. त्या वेळी तिथल्या दगडाखाली ते तीन शेपट्यांचे किडे होते. आज नाहीत. माणसाच्या एका आयुष्यात घडलेली ही गोष्ट आहे. मी ती कोणाच्या माथी मारायला उभा नाही, कारण माझ्या घरच्या मोरीचे पाणीही खाली कुठेतरी जातेच.

कोणी म्हणेल, मास्तर, शुद्धता मोजायला प्रयोगशाळा आहेत. आहेत, आणि असाव्यात. पण प्रयोगशाळा महिन्याकाठी बाटलीभर पाणी पाहते. दगडाखालचा किडा रात्रंदिवस तिथेच राहतो. रात्री गुपचूप सोडलेले पाणी बाटलीतून निसटेल, किड्याच्या हातून सुटणार नाही. आणि हा किडा पाहणारी माणसे नदीकाठी असतील तरच त्याची साक्ष कोणाच्या कानावर जाईल. पूर्वी भोई, कोळी, परीट, गुराखी ही सारी माणसे रोज पाण्याशी असत. आता नदीकाठी आपण सणाला जातो आणि पुलावरून घाईने पार होतो.

म्हणून माझी विनंती अशी. मासे धरा असे मी म्हणत नाही. ज्याला धरायचे असतील त्याने दोन पाहावेत, एक ठेवावा आणि अंडी असलेली मादी हलक्या हाताने सोडून द्यावी. हात आधी ओला करावा, नाहीतर माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा जातो आणि सुटलेला मासाही मरतो. ज्याला धरायचे नाहीत त्याने नातवाला घेऊन एका रविवारी सकाळी सोमेश्वराच्या वर जावे आणि एक दगड उलटावा. मग तपोवनाखाली यावे आणि दुसरा उलटावा. हात धुवायला पाणी घरून न्यावे. दोन्ही दगड, जसे होते तसे, पुन्हा पालथे ठेवावेत. कारण ते कोणाचे तरी घर आहे. नातू काय विचारील, ते मला ठाऊक आहे. त्याला काय उत्तर द्यायचे, ते मात्र आपण सर्वांनी मिळून ठरवायचे आहे.