काट्यातील बिऱ्हाड

बाभळीचा काटा महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नवा नाही. परंतु मेक्सिको व मध्य अमेरिकेत बाभळीचे सख्खे भावंड म्हणावे असे एक झाड आहे; त्याच्या काट्यापेक्षा काट्यात राहणाऱ्या मुंगीचीच धास्ती अधिक. जोडीने येणारे हे फुगीर काटे बैलाच्या शिंगांसारखे दिसतात. मुंगीचे शास्त्रीय नाव स्यूडोमिरमेक्स फेरुजिनिअस.

राणी मुंगी कोवळ्या काट्याच्या टोकाजवळ भोक पाडते, आतील मऊ गर उकरून काढते आणि तेथे अंडी घालते. पुढे झाडभर हजारो मुंग्यांची वसाहत होते. त्यांच्या अन्नाची तजवीजही झाडच करते. पानांच्या देठांवरील ग्रंथींतून गोड रस पाझरतो आणि पर्णिकांच्या टोकांना प्रथिने व स्निग्धांश असलेले बारीक कण येतात. ते तोडून मुंग्या आपल्या अळ्यांना भरवितात.

ह्या मोबदल्यात मुंग्या रात्रंदिवस पहारा देतात. पानावर किडा बसो वा गुराचे तोंड लागो, त्या धावून जाऊन डंख करतात. शेजारची वेल फांदीला भिडली की तिचा शेंडा कुरतडतात, बुंध्याभोवतीचे रोपटेही वाढू देत नाहीत. एवढी मशागत पगारी माळीही क्वचितच करील!

मुंग्या झाडाचे रक्षण करतात, हे टॉमस बेल्ट ह्यांनी 1874 साली निकाराग्वाविषयीच्या ग्रंथात मांडले होते. पण पुढे काही नामांकित तज्ज्ञांना ते पटले नाही. अखेर डॅनियल जान्झेन ह्यांनी मेक्सिकोत काही झाडांवरील मुंग्या काढून टाकल्या आणि इतर झाडांवरील राहू दिल्या. मुंग्या गेलेल्या झाडांची पाने किड्यांनी फस्त केली, वेलींनी त्यांना झाकले, वाढ खुंटली आणि पुष्कळशी मेली. हे निष्कर्ष 1966 मध्ये प्रसिद्ध झाले. किडीला दूर ठेवणारी जी कडू विषारी द्रव्ये ह्या वर्गातील इतर अनेक झाडांच्या पानांत असतात, ती ह्या झाडात जवळजवळ नाहीत. पहारेकरी ठेवला आणि घरातील काठी टाकून दिली, असाच हा प्रकार होय.

मात्र चाकर सोडून जाऊ नये, ह्याचाही बंदोबस्त झाडाने केलेला दिसतो. साध्या साखरेचे पचन करणारे विकर ह्या कामकरी मुंग्यांत निष्क्रिय असते. मार्टिन हाइल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखविले की, झाडाच्या रसातीलच एक प्रथिन ते विकर बंद पाडते. झाडाचा रस मात्र आधीच विघटित साखरेचा असतो. एकदा तो चाखलेल्या मुंगीला इतर झाडांचा साधा गोड रस पचतच नाही.